एमी जॉन्सन आणि न जमलेलं उतरणं



धाडसी स्त्रियांवरचा पाठ असला की एमी जॉन्सनचं नाव हमखास येतं. 1930 साली इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने विमान नेणारी पहिली स्त्री, वय 26. एवढे फळ्यावर लिहिले, मुलांनी वहीत उतरवून घेतले, की तास संपतो. मीसुद्धा बरीच वर्षे एवढेच सांगत होतो. नंतर तिच्याविषयी थोडे जास्त वाचले, आणि लक्षात आले की आपण मुलांना या गोष्टीतला सोपा भाग सांगतो आणि अवघड भाग गाळतो.

अवघड भाग असा की विमान हवेत नेणे एमीला जमत होते, दिशा धरून तासन्‌तास जाणे जमत होते, बिघडलेले इंजिन स्वतःच्या हाताने उघडून पुन्हा जोडणे तर उत्तमच जमत होते. विमान उतरवणे मात्र तिचा कच्चा विषय होता. झाशीला ती धडपडली, रंगूनजवळ धडपडली, ऑस्ट्रेलियात हजारो लोकांसमोर उलटी झाली. तीन वर्षांनी अमेरिकेच्या किनाऱ्यावर, नवरा विमान चालवत असताना, पुन्हा तेच घडले. हे सगळे बाजूला ठेवून तिची गोष्ट सांगता येते, पण मग ती खरी एमी राहत नाही.

एमीचा जन्म 1 जुलै 1903 चा, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हल या बंदराच्या गावी. घरात मासळीचा मोठा व्यापार. चार बहिणींत ही थोरली. शेफील्ड विद्यापीठातून अर्थशास्त्र घेऊन पदवी मिळवली, टायपिंग वगैरे शिकली आणि लंडनमध्ये एका वकिलाच्या कचेरीत नोकरीला लागली. इथवर तिच्या आयुष्यात विमान कुठेच नाही. लंडनच्या उत्तरेला स्टॅग लेन नावाचे विमानतळाचे मैदान होते, तिथे एक फ्लाइंग क्लब होता. डोक्यावरून जाणारी छोटी विमाने बघत बघत ती एक दिवस तिथे पोचली आणि 1928 च्या सप्टेंबरात पहिला धडा घेतला.

हा पहिला धडा आपण शिक्षकांनी नीट ऐकण्यासारखा आहे. त्या काळचे शिकवण्याचे विमान म्हणजे दोन उघड्या खोबणी, एकीत शिक्षक, दुसरीत विद्यार्थी. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाही म्हणून शिक्षक एका नळीतून बोलायचा आणि विद्यार्थ्याच्या हेल्मेटमधल्या कानाच्या भागाशी ती नळी जोडलेली असायची. एमीला दिलेले हेल्मेट मोठे होते. कानाचा भाग कानावर बसतच नव्हता. तिला नुसती घरघर ऐकू येत होती, सूचना एकही कळत नव्हती. खाली उतरल्यावर शिक्षकाने सांगून टाकले की ही मुलगी वैमानिक होणार नाही.

बघा हं, शिक्षक खोटे बोलत नव्हता. त्याने जे पाहिले त्यावरून त्याचा निकाल बरोबरच होता. त्याने सांगितलेले एकही काम मुलीने नीट केले नव्हते. फक्त आपले बोलणे तिच्यापर्यंत पोचतेय का, हे त्याने विचारले नव्हते. आपल्या वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला फळा दिसत नसतो आणि आपण वर्षभर त्याला आळशी म्हणत राहतो, चष्मा लागल्यावर कळते, त्यातलाच हा प्रकार.

एमी क्लब सोडून गेली नाही. पण तिचे शिकणे झटपटही झाले नाही. क्लबातली मुले साधारण आठ-दहा तासांच्या सरावानंतर एकट्याने उडायची. एमीला पावणेसोळा तास लागले. 9 जून 1929 ला ती पहिल्यांदा एकटी उडाली आणि पुढच्याच महिन्यात परवाना मिळाला. उशीर होण्याचे मुख्य कारण उतरणे. तिला नंतर लाभलेले एक शिक्षक म्हणजे कॅप्टन व्हॅलेंटाइन बेकर. हे नाव लक्षात ठेवा, पुढे त्यांचे काम आहे.

आता थोडा वेळ विज्ञानाच्या तासाला जाऊ. विमान उतरवणे अवघड का? मुलांना वाटते, खाली यायला काय लागते, दगडसुद्धा खाली येतो. पण उतरताना वैमानिकाला एकाच वेळी चार गोष्टी जुळवायच्या असतात: उंची, वेग, वारा आणि समोरच्या मैदानाची लांबी. वेग फार कमी केला तर पंखांची उचल संपते आणि विमान कोसळते. वेग जास्त राहिला तर विमान जमिनीला टेकायलाच तयार होत नाही, गवतावरून फूटभर उंचीने तरंगत पुढे पुढे जाते आणि मैदान संपते. एमीचे विमान होते जिप्सी मॉथ. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले कापड, 100 अश्वशक्तीचे इंजिन. चाकांना ब्रेक नाहीत. शेपटीखाली एक घसरदांडी, ती गवतावर घासत जाईल तेवढाच अडथळा. रेडिओ नाही.

वाऱ्याचे गणित तर आठवी-नववीच्या मुलांना घालण्यासारखे आहे. समजा विमानाचा टेकतानाचा हवेतला वेग ताशी 65 किलोमीटर आहे आणि वारा ताशी 20 किलोमीटरचा. वाऱ्याला तोंड देऊन उतरले तर जमिनीवरचा वेग 45. वारा पाठीशी घेऊन उतरले तर 85. मुले म्हणतील, दुपटीच्या आत आहे. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे थांबण्यासाठी जिरवावी लागणारी ऊर्जा जवळजवळ साडेतीनपट होते. म्हणून वारा कुठून येतोय हे बघण्यासाठी विमानतळावर ते कापडी मोजे टांगलेले असतात.

आणि पाचवी गोष्ट, जी सगळ्यात अवघड. आपण चुकलोय, या खेपेला उतरणे होणार नाही, हे वेळेत ओळखायचे. ओळखले की इंजिन पूर्ण जोरात लावायचे, नाक सावरायचे, वर जायचे आणि मैदानाला वळसा घालून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. विमान-भाषेत याला गो-अराउंड म्हणतात. यात लाज काही नसते, मोठमोठी प्रवासी विमानेही हे करतात. पण हा निर्णय लवकर घ्यावा लागतो. मैदानाच्या शेवटची झाडे समोर दिसू लागल्यावर घेतला तर उपयोग नाही. शिवाय प्रत्येक फेरीला पेट्रोल लागते. गणित अर्ध्यावर चुकलंय हे कळल्यावर पान उलटून पुन्हा नव्याने मांडणारा मुलगा वर्गात किती विरळ असतो, ते तुम्हाला माहीत आहे. बहुतेक जण उत्तर कसेबसे जुळवायला बघतात.

एमीने स्वतःची बाजू दुसरीकडून भक्कम केली. क्लबाचे मुख्य मेकॅनिक होते जॅक हम्फ्रीज. कचेरीत जाण्याआधी सकाळी आणि सुटल्यावर संध्याकाळी ती त्यांच्या हँगरमध्ये काम करू लागली. मुलगी म्हणून आधी तिथल्या पुरुषांना ते रुचले नव्हते. हात काळे करून घ्यायला ती मागे-पुढे बघत नाही हे कळल्यावर ते तिला जॉनी म्हणू लागले. 1929 च्या अखेरीस तिला विमान-दुरुस्तीचा परवाना मिळाला, आणि हा परवाना मिळवणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री. माझ्या मते तिच्या आयुष्यातला खरा पराक्रम हाच. पुढे स्त्री अभियंत्यांच्या संघटनेने तिला अध्यक्ष केले ते काही नुसत्या प्रसिद्धीपायी नव्हे.

मग तिने ठरवले की ऑस्ट्रेलियाला जायचे. तोवरचा तिचा सगळा अनुभव होता सुमारे 85 तासांचा, आणि सर्वांत लांबचा प्रवास लंडन ते हल. जुने मॉथ 600 पौंडांना मिळाले. काही पैसे वडिलांनी दिले, काही तेलाच्या व्यापारातल्या लॉर्ड वेकफील्ड यांनी. विमानाला नाव दिले जेसन, वडिलांच्या मासळीच्या धंद्याचा छाप होता तो. 5 मे 1930 रोजी क्रॉयडनहून ती निघाली.

व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, अलेप्पो. अलेप्पो ते बगदाद वाटेत वाळूचे वादळ उठले. काहीच दिसेना, तेव्हा तिने वाळवंटातच विमान टेकवले, आणि वारा ते ढकलून नेऊ नये म्हणून सामान चाकांना लावून, हातात पिस्तूल घेऊन वादळ सरेपर्यंत विमानाच्या आडोशाला बसून राहिली. बगदाद, मग बंदर अब्बास आणि सहाव्या दिवशी कराची. आधी हा प्रवास करणाऱ्या बर्ट हिंकलर या ऑस्ट्रेलियन वैमानिकापेक्षा ती दोन दिवस पुढे होती. कराचीत एकदम गाजावाजा झाला. तोवर वर्तमानपत्रांनी तिच्याकडे फारसे लक्षही दिले नव्हते.

इथे आपल्याकडची एक जोड देऊन ठेवतो, कारण मुलांना ती आवडते. त्याच मोसमात भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये एकट्याने उडण्याच्या आगाखान बक्षिसासाठी आपली तरुण मुलेही हवेत होती. त्यांत कोवळे ॲस्पी इंजिनिअर होते आणि जे. आर. डी. टाटाही. एक इकडे येत होता, दुसरा तिकडे जात होता. इजिप्तमध्ये दोघे भेटले, ॲस्पींना स्पार्क प्लगची अडचण होती, टाटांनी आपले दिले, आणि बक्षीस ॲस्पींनी जिंकले. अशीच छोटी विमाने, अशीच उघडी खोबण.

कराचीहून एमीला गाठायचे होते अलाहाबाद. समोरून वारा, पेट्रोल उतरत चाललेले. मे महिन्यातला मध्य भारत, वरून सगळी जमीन एकाच रंगाची. झाशी दिसली तेव्हा तिने लष्कराच्या परेडच्या मैदानावर उतरायचे ठरवले. मैदान विमानासाठी नव्हतेच. जवान बाजूला पळाले, विमान खांबाला घासून पुढे गेले आणि बराकींच्या मधल्या जागेत अडकून थांबले. पंख फाटला, लाकूड मोडले. एका स्थानिक सुताराने तो पंख दुरुस्त केला. कराचीच्या गोऱ्या मंडळींपेक्षा या सुताराचे मला जास्त कौतुक वाटते. त्याने आयुष्यात विमान जवळून पाहिले असेल की नाही कोण जाणे, पण लाकूड त्याला कळत होते. दुसऱ्या दिवशी ती पुढे निघाली आणि कलकत्त्याला पोचली.

त्यानंतर रंगून. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानातच मोडत होता. पाऊस धो धो. रंगूनच्या रेसकोर्सवर उतरायचे होते, पण पावसात तिला दिसले ते इन्सेन गावच्या सरकारी टेक्निकल इन्स्टिट्यूटचे खेळाचे मैदान. तेच रेसकोर्स समजून ती उतरली. मैदान तोकडे पडले, विमान पलीकडच्या चरात घुसले. पंखा मोडला, चाकांचा भाग मोडला, पंखाचे कापड फाटले.

आता इथे मुलांना थांबवून विचारा, की तुम्ही असता तर काय केले असते? कारण मैदान होते तंत्रशाळेचे! शाळेतले शिक्षक आणि विद्यार्थी कामाला लागले. मोडलेले भाग त्यांनी आपल्या कार्यशाळेत घडवले. नवा पंखा एमीने इंग्लंडहून विमानाला बांधूनच आणला होता. राहिले कापड. विमानाचे ते घट्ट विणीचे लिनन कुठून आणायचे? तर पहिल्या महायुद्धानंतर उरलेले असे कापड विकले गेले होते आणि लोकांनी त्याचे सदरे शिवले होते. ते सदरे गोळा केले, उसवले आणि पंखावर बसवले. तिथून पुढचा प्रवास जेसनने अंगावर लोकांचे सदरे घालून केला म्हणा ना. या दुरुस्तीत जवळजवळ तीन दिवस गेले आणि हिंकलरचा विक्रम मोडण्याची आशा तिथेच संपली. पण विमान पुढे गेले.

बँकॉक, सिंगापूर, जावा, तिमोर. आणि मग पाण्यावरचा सर्वांत लांबचा टप्पा ओलांडून 24 मे 1930 रोजी डार्विन. साडेएकोणीस दिवस, सुमारे 18,000 किलोमीटर. डार्विनला उतरणे छान झाले.

आपले पाठ इथे संपतात. तिची परवड मात्र इथून सुरू झाली.

डार्विनपासून प्रत्येक गावाला तिने उतरावे, भाषण करावे, हात हलवावा, जेवणाला बसावे अशी अपेक्षा. झोप नाही. एकटीने चालवलेल्या त्या सगळ्या तासांचा शीण अंगात तसाच. 29 मे रोजी ती ब्रिस्बेनला पोचली. ईगल फार्मच्या मैदानाभोवती हजारो माणसे जमलेली. अंदाज चुकला. विमान जिथे टेकायला हवे होते तिथे टेकले नाही, पुढे गेले, मैदान संपले, कुंपण आले, आणि कुंपणापलीकडच्या शेतात जेसन उलटा झाला. चाके आकाशाकडे. नशीब की एमीला काही लागले नाही, ती बाहेर आली आणि तशीच लोकांसमोर गेली.

विचार करा, झाशीची आणि इन्सेनची चूक चार माणसांनी पाहिली होती. ही अख्ख्या शहराने पाहिली. आपल्या मुलांना गॅदरिंगमध्ये स्टेजवर ओळ विसरल्यावर काय होते ते आठवा. लोकांनी तिला वाईट बोलले नाही, उलट जयजयकारच केला, पण तिला स्वतःला ते किती लागले असेल याची कल्पना करता येते. इंग्लंडला परतल्यावर एका वर्तमानपत्राने 10,000 पौंड देऊन तिचा देशभर दौरा आखला होता, तो दौरा तिला मध्येच सोडावा लागला. मन आणि शरीर दोन्ही थकले होते.

ब्रिस्बेनच्या अपघाताचा आणखी एक परिणाम झाला. विमान मोडल्यामुळे पुढचा प्रवास तिला प्रवासी म्हणून करावा लागला. त्या विमान कंपनीच्या ज्या वैमानिकाने तिला नेले त्याचे नाव जिम मॉलिसन. उमदा, देखणा, पैज लावल्यासारखे जगणारा. दोन वर्षांनी, जुलै 1932 मध्ये, दोघांनी लग्न केले. वर्तमानपत्रांना तर हे जोडपे म्हणजे मेजवानीच. लग्नानंतर महिन्याभरात जिम एकटा अटलांटिक ओलांडून गेला. नोव्हेंबरात एमी एकटी केप टाऊनला गेली आणि तिथला जिमचाच विक्रम तिने दहा तासांहून अधिक फरकाने मोडला. घरात हे कसे घेतले गेले असेल ते आपण आपल्या परीने समजून घ्यावे.

मग दोघांनी मिळून अटलांटिक ओलांडायचे ठरवले. डी हॅविलँड ड्रॅगन हे दोन इंजिनांचे छोटे विमान, नाव सीफेअरर. बेत असा की इंग्लंडहून न्यूयॉर्क, आणि तिथून सलग बगदाद. जूनमध्ये क्रॉयडनहून निघताना पेट्रोलच्या वजनाने चाकांचा भाग मोडला, पहिला प्रयत्न तिथेच बारगळला. 22 जुलै 1933 ला वेल्समधल्या पेंडाइनच्या लांबच लांब वाळूच्या किनाऱ्यावरून ते सुटले.

जवळजवळ 39 तास ते हवेत होते. अटलांटिकवर समोरून वारा, ढग, धुके. आळीपाळीने चालवायचे, जरा डोळा लागला न लागला की उठायचे. अमेरिकेचा किनारा आला तेव्हा पेट्रोल अगदी संपत आले होते. खाली बॉस्टन होते. तिथे उतरले असते तर अटलांटिक ओलांडल्याचा मान मिळालाच असता, फक्त न्यूयॉर्कला उतरल्याचा मिळाला नसता. ते पुढे गेले.

न्यूयॉर्क तासाभराच्या आत आले होते. पण रात्र झाली होती, आणि टाकीत तेवढेही नव्हते. कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टचे छोटे मैदान दिसले. विमान जिमच्या हातात होते. तो उतरायला आला, जमले नाही, वळसा घेतला. पुन्हा आला, पुन्हा वळसा. अशा अनेक फेऱ्या झाल्या. खालची माणसे दिवे लावून बघत होती. वर म्हटले ना, उतरणे सोडून पुन्हा वर जाणे हा शहाणपणाचा निर्णय असतो? पण तो निर्णय टाकीत पेट्रोल असेपर्यंतच हाती असतो. शेवटच्या खेपेला विमान मैदान ओलांडून पलीकडच्या दलदलीत जाऊन आदळले आणि उलटले. दोघेही बाहेर फेकले गेले, जखमी झाले, पण वाचले.

मला सारखे वाटत राहते की चूक ब्रिजपोर्टला झालीच नाही. ती बॉस्टनवर झाली. ब्रिजपोर्टच्या अंधारात 39 तासांच्या थकलेल्या डोळ्यांनी जिमने जे केले त्याला पर्याय उरले नव्हते. पर्याय होते तेव्हा डोळ्यांसमोर न्यूयॉर्क होते. दहावीच्या टक्केवारीपायी मुलाला दोन-दोन क्लास, सकाळी शाळा, रात्री जागरण असे पळवणाऱ्या पालकांशी बोलताना मला ही बॉस्टनची गोष्ट आठवते. त्यांना ती सांगतोही. काहींना पटते, काहींना नाही.

पुढचा तपशील थोडा विचित्र आहे. दोघे इस्पितळात असताना लोकांनी आठवण म्हणून सीफेअररचे तुकडे तोडून नेले, विमानाचा नुसता सांगाडा राहिला. मग न्यूयॉर्कने त्यांची मिरवणूक काढली, वरून कागदाच्या पट्ट्यांचा पाऊस. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी घरी बोलावले. अमेलिया इअरहार्टशी मैत्री झाली. आणि ब्रिजपोर्टच्या त्या मैदानाला पुढे काही काळ नाव दिले गेले मॉलिसन फील्ड. जिथे ज्याला नीट उतरता आले नाही, त्या मैदानाला त्याचेच नाव! एमीचे पहिले नाव नव्हे, नवऱ्याचे आडनाव, हेही टिपून ठेवा.

1934 मध्ये इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया शर्यतीत दोघे पुन्हा एकत्र उडाले. कराचीपर्यंत विक्रमी वेगात आले, मग वाट चुकून जबलपूरला उतरले, तिथे मिळाले ते पेट्रोल विमानाच्या लायकीचे नव्हते, अलाहाबादपर्यंत इंजिने खराब झाली आणि शर्यत संपली. 1938 मध्ये लग्नही संपले. तिने आडनाव पुन्हा जॉन्सन लावले.

मगाशी एक नाव लक्षात ठेवायला सांगितले होते. व्हॅलेंटाइन बेकर. एमीच्या या शिक्षकांनी जेम्स मार्टिन यांच्याबरोबर विमान बनवणारी कंपनी काढली, मार्टिन-बेकर. 1942 मध्ये स्वतःच्या कंपनीच्या नव्या विमानाची चाचणी घेताना इंजिन बंद पडले, शेतात उतरायचा प्रयत्न करताना झाडाच्या बुंध्याला विमान धडकले आणि बेकर गेले. जिवलग सहकारी गेल्यावर मार्टिन यांनी वैमानिकाचा जीव वाचवण्याच्या साधनांना वाहून घेतले. संकटात वैमानिकाला खुर्चीसकट बाहेर फेकणारे आसन या कंपनीने बनवले. आपल्या तेजस लढाऊ विमानात बसवलेली आसनेही याच कंपनीची आहेत.

बेकर गेले तेव्हा त्यांची विद्यार्थिनी हयात नव्हती. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर, 1940 मध्ये, एमी एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरीत भरती झाली. कारखान्यातून आणि तळांवरून लष्कराची विमाने इकडून तिकडे पोचवायची, असे त्यांचे काम. रेडिओ वापरायचा नाही. पत्रकार नाहीत, मिरवणुका नाहीत. जगप्रसिद्ध बाई, पण रोजचे काम एखाद्या ड्रायव्हरसारखे, सांगितलेली गाडी सांगितलेल्या ठिकाणी नेऊन लावायची. ते तिने मन लावून केले.

5 जानेवारी 1941. तिला एअरस्पीड ऑक्सफर्ड जातीचे विमान ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टनला न्यायचे होते. वाटेत ब्लॅकपूलला बहिणीकडे मुक्काम झाला होता. सकाळी हवा खराब होती, तरी ती निघाली. तासाभराचा रस्ता. ढगांच्या वर गेल्यावर खाली जमीनच दिसेना. साडेतीन-चार तासांनी ती कुठे होती? ऑक्सफर्डपासून शंभरेक मैल दूर, पूर्वेला टेम्स नदीच्या मुखाशी, समुद्रावर. पेट्रोल संपले असावे. या खेपेला उतरायला मैदानच नव्हते. तिने पॅराशूट घेऊन उडी मारली.

खाली जहाजांचा ताफा चालला होता. हेसलमिअर जहाजावरच्या लोकांना पॅराशूट दिसले. बर्फासारखे पाणी, उसळता समुद्र. जहाजाचे कप्तान वॉल्टर फ्लेचर यांनी वाचवण्यासाठी पाण्यात उडी घेतली. ते गारठून बेशुद्ध झाले आणि त्यातच गेले. त्यांना मरणोत्तर अल्बर्ट पदक मिळाले. आपण कोणासाठी उडी मारतोय हे त्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते. हा भाग सांगताना फ्लेचर यांचे नाव मुलांना जरूर लिहायला सांगा, पाठ्यपुस्तकांत ते नसते.

एमीच्या बॅगा पाण्यावर तरंगताना सापडल्या. एमी सापडली नाही. तिचे वय 37 होते.

जेसन मात्र आहे. ब्रिस्बेनला उलटलेले ते विमान दुरुस्त झाले, आणि आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये छताला टांगलेले आहे. हिरवा रंग, बाजूला नाव लिहिलेले. त्याचा फोटो वर्गात दाखवाल तेव्हा मुलांना आधी पंखांकडे बघायला सांगा, आणि झाशीचा सुतार नि इन्सेनची पोरे यांच्याबद्दल सांगून मगच डार्विनकडे वळा.